दोनदा सांगितलेली ओळ

ताईच्या टेबलावर एक लाकडी पट्टी होती. फूटभर लांब, कडा झिजून गोल झालेल्या, आकडे कधीच पुसून गेलेले. न्यायालयाच्या नक्कल विभागात ताईने एकतीस वर्षं टायपिंग केलं, आणि ती एकतीस वर्षं ही पट्टी मूळ कागदावर, चालू ओळीच्या खाली आडवी पडलेली असे. ओळ टाइप झाली की पट्टी एक ओळ खाली. निवृत्तीच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तिने शेजारणीला देऊन टाकलं आणि पट्टी मात्र पर्समधून घरी आणली. चोरीच म्हणायची, पण सरकारला त्या पट्टीचा पत्ताही नव्हता.

नक्कल विभागात दोन नियम होते. कागदावरून नक्कल करायची तर जशीच्या तशी. साक्षीदाराने एका पानावर आपलं वय चाळीस सांगितलं असेल आणि पुढच्या पानावर साठ, तर नकलेतही तो पान उलटताना वीस वर्षांनी म्हातारा झालाच पाहिजे. शहाणपणा करायचा नाही. तोंडून सांगितलेला मजकूर घ्यायचा असेल तर मात्र शहाणपणाच करायचा. साहेब खोकतात, अडखळतात, तेच वाक्य दोनदा म्हणतात. टायपिस्टने ते एकदाच घ्यायचं. एका नव्या मुलीने साहेबांचं मधलंच "खिडकी लावा हो" सरळ निकालपत्रात टाइप केलं होतं. पुढे ती निवृत्त होईपर्यंत सगळे तिला 'खिडकी' म्हणत.

ताईला पहिल्या नियमाचा अभिमान होता आणि दुसऱ्याची सवय. अभिमानावर माणूस लक्ष ठेवून असतो. सवयीवर कोण ठेवतं?

तिचा धाकटा भाऊ तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. घरात त्याला 'रेडिओ' म्हणत, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून जी टकळी सुरू व्हायची ती झोपेतसुद्धा पुरती थांबायची नाही. त्याचं करता करता ताईचं लग्न राहून गेलं, असं नातेवाईक म्हणत. ताई म्हणे, "मला कोणी विचारलं का, मला करायचं होतं का ते?" आणि विषय संपवत असे.

रेडिओ मोठा होऊन प्रोग्रामर झाला. दिवसा नोकरी, आणि उरलेल्या वेळात एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामरांनी आपल्या कामात जोडून घ्यावी अशी, डेटाबेसला प्रश्न विचारून उत्तरं आणून देणारी. अशा प्रश्नाला ते लोक क्वेरी म्हणतात. कुठकुठल्या गावांतले लोक ती वापरत, त्याला पत्रं लिहीत, चुका दाखवत, कधी शिव्याही घालत. नऊ वर्षं त्याने ती पोराबाळासारखी वाढवली. खरी पोरंबाळं नव्हतीच.

एक्कावन्नाव्या वर्षी तो एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आला. मेंदूत गाठ होती, काढता न येण्यासारख्या जागी. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "आधी नजर, मग बोलणं, मग समज. क्रम मागेपुढे होऊ शकतो."

घरी येताना जिन्यात तो दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबला. "ताई, नजर गेली तर मला कळेल. बोलणं गेलं तरी कळेल. समज गेली तर कशी कळणार?"

"आता जिना चढ. मग बघू."

"नाही, इथेच सांग. ती चालली असं दिसलं की तू मला सांगायचंस. गोडगोड बोलून फसवायचं नाही. मी माझ्याच कामात वेडंवाकडं काही घालून ठेवलं आणि मला पत्ताच नाही, एवढं एक मला नकोय."

"सांगेन," ताई म्हणाली.

"शपथ?"

"रेडिओ, एकतीस वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही मी. चढ आता."

दोन महिन्यांत नजर गेली. पूर्ण नाही, डावी बाजू काळी, आणि उजवीकडची अक्षरं मुंग्यांसारखी हलणारी. बोलणं जड झालं. त्याने मशीनला बोलून सांगायचा प्रयत्न केला, पण मशीनला त्याचं बोलणं कळेना. ताईला कळे. लायब्ररीतला एक भाग लिहायचा राहिला होता, नऊ वर्षं पुढे ढकललेला, लोकांना कबूल केलेला. तो हातावेगळा केल्याशिवाय त्याला चैन पडेना. मग रोज सकाळी दहा ते साडेबारा तो सांगू लागला आणि ताई टाइप करू लागली. त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण टायपिस्टला अक्षराशी मतलब. लांबलचक ओळींसाठी त्यांनी आपसात छोटे शब्द ठरवले होते: 'उघड', 'आण', 'मोज', 'बंद'. तो 'आण' म्हणाला की ताईची बोटं आपोआप ती सगळी ओळ वाजवत.

"या भागाचं नाव काय म्हणालास?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कर्सर."

"ती पडद्यावर लुकलुकते ती रेघ?"

"ती नाही. तुझी पट्टी कुठाय? दे इकडे." त्याने चाचपडत पट्टी हातात घेतली. "समज, दप्तरखान्यात दहा लाख ओळींचा कागद आहे. तुला त्यातलं हवंय. माझी लायब्ररी काय करते? अख्खा गठ्ठा उचलून तुझ्या टेबलावर आपटते."

"टेबल मोडेल."

"मोडतंच! लोकांची मशीनं बसतात आणि माझ्या नावाने खडे फोडतात. कर्सर म्हणजे काय, गठ्ठा तिथेच राहू द्यायचा. त्यावर पट्टी ठेवायची. तू एक ओळ माग, एक ओळ घे. पट्टी खाली. परत माग."

"एवढंच? हे तर मी एकतीस वर्षं केलं."

"मग तुला माहीत असेल शेवटी काय करायचं."

"पट्टी उचलायची."

"शाबास! त्यालाच आपण 'बंद' म्हणायचं. तेच लोक विसरतात. दप्तरवाल्याकडे पट्ट्या मोजक्या असतात गं. शंभर म्हण. ज्याने त्याने आपली तिथेच टाकली, तर एकशे एकाव्याला तो म्हणतो, पट्टी नाही, चालता हो."

"आमच्याकडे होता असा एक दप्तरी. पट्टी असली तरी चालता हो म्हणायचा."

रेडिओ खूप हसला. ते हसणं तोंडाच्या एकाच बाजूने येई, पण आवाज जुनाच होता.

काम ओळीओळीने पुढे सरकत होतं. रोज शेवटी ताई एक कळ दाबे आणि त्याने आधी लिहून ठेवलेल्या चाचण्या धावत. पडद्यावर हिरवं आलं तर ठीक, लाल आलं तर कुठेतरी चुकलं. "सगळं हिरवं," ताई वाचून सांगे, आणि तो खुर्चीत मागे रेलून डोळे मिटे. त्या क्षणी त्याचा चेहरा परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या पोरासारखा दिसे.

मग त्याचे शब्द अडकू लागले. एखादा शब्द जिभेला चिकटे आणि सुटत नसे. "चहा. चहा. चहा." सांगतानाही "मोज. मोज." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिने 'मोज' एकदाच टाइप केलं. शेवटी कळ दाबली, हिरवं आलं. तिने मनाशी म्हटलं, बरोबर केलं मी. दुसऱ्यांदा तिने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा तर बोटांनी तिला न विचारताच गाळलं. जिन्यातलं वचन आठवे, पण ती म्हणे, समज कुठे गेलीय, जीभच तर अडखळते. जिभेचं काय सांगायचं त्याला? आणि साडेबाराला डोळे मिटून मागे रेललेला त्याचा चेहरा बघून तिला काहीच सांगवत नसे.

एका मंगळवारी सकाळपासून 'बंद' हा शब्द त्याला चिकटला. "खिडकी बंद. बंद. बंद." खिडकी बंदच होती. चहाचा कप पुढे केला तर म्हणाला, "बंद." मग स्वतःच चिडला आणि मान हलवून म्हणाला, "कप. कप गं." दहाला कामाला बसले. तो हळूहळू, एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत सांगत होता. "ओळी संपल्या तर. बंद." ताईने टाइप केलं. "चूक आली तर. बंद. चूक वर पाठव."

ताईची बोटं थांबली. आत्ता तर म्हणाला बंद. अडकलाय बिचारा. तिने "चूक आली तर" टाइप केलं, "चूक वर पाठव" टाइप केलं, आणि मधलं सोडून दिलं.

हिरवं आलं.

"झालं," रेडिओ म्हणाला. "ताई, झालं गं! पाठवून दे चष्मेवालीला."

चष्मेवाली म्हणजे त्याची जोडीदार. दूरच्या शहरात राहायची. नऊ वर्षं दोघं मिळून ही लायब्ररी सांभाळत होते आणि एकमेकांना एकदाही भेटलेले नव्हते. पत्राशेजारी तिचा नखाएवढा फोटो येई, त्यात चष्मा तेवढा दिसे. ताईने पाठवून दिलं. त्या दुपारी रेडिओने उकडलेले बटाटे मागून घेऊन खाल्ले.

तीन दिवसांनी चष्मेवालीचं पत्र आलं. ताईने नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. काम सुरेख झालंय, लाखो ओळी आता अलगद येतात, असं सुरुवातीला होतं. पुढे: "मी मुद्दाम बिघडवलेल्या क्वेऱ्या चालवून पाहिल्या. शंभर झाल्या आणि एकशे एकावीला डेटाबेसने हाकललं. चूक आली की कर्सर उघडाच राहतोय. एकदा बघता का?"

रेडिओ खुर्चीत पुढे सरकला. "वाच. 'चूक आली तर'. तिथून."

ताईने पडद्यावर पट्टी लावली आणि वाचलं. "चूक आली तर. चूक वर पाठव."

"मध्ये?"

"मध्ये काही नाही."

"बंद नाही?"

"नाही," म्हणताना ताईच्या हातातली पट्टी घसरली. तिला तो मंगळवार दिसला. खिडकी, कप, आणि स्वतःची थांबलेली बोटं.

"मी सांगितलं नव्हतं?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. पण हो म्हणजे काय? सांगितलंस, मी ऐकलं, आणि तू बरळतोयस असं समजून टाकून दिलं. समज गेली की सांग, म्हणाला होता. तिने सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात निकाल मात्र देऊन टाकला होता. हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आठवत नाही रे," ताई म्हणाली.

त्याने मान खिडकीच्या उजेडाकडे वळवली. "मला आठवत होतं. सांगितल्यासारखं. अगदी स्पष्ट." मग म्हणाला, "म्हणजे तेही गेलं."

त्याच बैठकीत त्याने चष्मेवालीला पत्र सांगितलं. लायब्ररीच्या किल्ल्या, म्हणजे तिच्यात बदल करायचा हक्क, तुझ्याकडे घे, माझ्या डोक्याचा भरवसा राहिलेला नाही. ताईने ते जसंच्या तसं टाइप केलं, एक शब्दही न गाळता. तासाभरात उत्तर आलं. ती गळलेली ओळ चष्मेवालीने घातली होती. "एक ओळ तर होती. मी दर आठवड्याला असलं काहीतरी विसरते. किल्ल्या कसल्या देताय?"

"तिला काय कळतंय," रेडिओ म्हणाला. "दुसरं काही विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. पट्टी उचलायला विसरलो मी." आणि भिंतीकडे कूस वळवली.

त्यानंतर घरात एक नवीनच त्रास सुरू झाला. सूप करू की टोस्ट? "तू ठरव. माझं काही खरं नाही." खिडकी उघडू? "तू बघ. मला काय कळतंय." डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, गोळ्यांनी डोकं दुखायचं कमी झालं का, तर म्हणाला, "ताईला विचारा." स्वतःचं डोकं दुखतंय की नाही, हेसुद्धा ताईला विचारा! पाण्याची तहान लागली तरी तो आधी विचारी, "मी आत्ताच प्यायलो का गं?" प्यायलेला नसे.

चार दिवस ताईने हे सोसलं. आईच्या मागे तिने त्याला ताप, गोवर, गणित, सगळ्यातून वर काढलं होतं. आता तीच त्याला बुडवत होती, आणि तेही मायेने.

पाचव्या दिवशी दुपारी ती त्याच्या हाताची नखं कापत होती. अंगठा झाला, पहिलं बोट झालं. मधल्या बोटाशी ती थांबली.

"तू सांगितलं होतंस."

"काय?"

"बंद. दोनदा सांगितलं होतंस. ओळी संपल्यावर एकदा आणि चूक आल्यावर एकदा. मीच दुसरं टाइप केलं नाही."

त्याने हात मागे घेतला. "का?"

"मला वाटलं..."

"तबकडीवर सुई अडकली."

ताईने मान हलवली. मग त्याला दिसलं नसेल म्हणून म्हणाली, "हो."

रेडिओ आधी हसला. "म्हणजे मी बरोबर होतो!" असं दोनदा म्हणाला. उठून बसायची धडपड केली, उशी खाली पडली. ताईलाही हसू आलं, रडू आलं, नेलकटर कुठे गेलं ते सापडेना. आणि मग त्याचं हसणं हळूहळू थांबलं.

"आपलं ठरलं होतं, ताई."

"हो."

"जिन्यात."

"हो रे."

"तुला वाटलं तर तू मला सांगायचं होतंस. तू मला सांगितलं नाहीस. दुरुस्त केलंस." मग म्हणाला, "अजून किती ठिकाणी?"

ताईने मनात मोजून पाहिलं. दहा असतील, वीस असतील. कागदावरून केलेली चूक पुन्हा कागद बघून सापडते. तोंडून घेतलेल्या मजकुराला मूळ प्रत नसते.

पण रेडिओ परत खुर्चीत बसला, एवढं खरं. खालच्या दुकानातून ताईने सगळा मजकूर छापून आणला. सतरा पानं झाली. सकाळी दहाला ती पट्टी लावून एकेक ओळ वाचे, तो ऐके. संशय आला की ती म्हणे, "इथे बहुतेक 'मोज' दोनदा होतं."

"बहुतेक?"

"होतं."

"ते मी म्हणालो की गाठ म्हणाली?"

तिला माहीत नसे. मग तो विचार करी. कपाळावर शीर उठे. कधी म्हणे, "एकच पुरे." एकदा म्हणाला, "दोन हवेत! घाल," आणि ते खरोखर हवं होतं; चष्मेवालीचं पत्र आलं की वा, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी त्याने स्वतःहून टोस्ट मागितला. पण बहुतेक वेळा बराच वेळ बसून तो म्हणे, "नाही कळत," आणि ताई समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढी.

आपल्या शिक्षेचा नियम ताईने आपणच ठरवला होता. आता काही गाळायचं नाही. तो "पाणी. पाणी." म्हणाला की ती दोन पेले भरून आणी. पहिल्यांदा ते दोन पेले हाताला लागले तेव्हा तो एका बाजूने हसला होता. "तहान एकच आहे गं, वेडे."

"मला काय माहीत? मी नक्कल करणारी बाई. सांगितलं तेवढं आणलं."

कधी तो एक पिई, कधी दोन्ही.

अकराव्या पानावर ते दहा-बारा दिवस अडकले. तो ऐकता ऐकता पेंगे. मग ऐकताना त्याच्या कपाळावरची शीर उठेनाशी झाली. प्रश्नचिन्ह काढायलाही तो सांगेना. आणि एका सकाळी ताईने पट्टी लावून "ओळी संपेपर्यंत आण" असं वाचलं, तेव्हा त्याने पट्टीवर हात ठेवून अगदी सभ्यपणे विचारलं, "हे काय आहे?"

"तुझा कर्सर."

"छान आहे," तो म्हणाला.

ताईने पानं सरळ केली, कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या. या वेळी तिला पळवाट नको होती. जीभ नव्हती अडखळत. जीभ तर त्या दिवशी स्वच्छ चालत होती. ती त्याच्या उजव्या बाजूला, जिथून त्याला दिसे तिथे, खुर्ची ओढून बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"रेडिओ, आपलं ठरलं होतं म्हणून सांगते. समज चाललीय."

तो नीट ऐकत होता. दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी ऐकावी तशी त्याने हळहळून मान हलवली.

"कोणाची?" त्याने विचारलं.

ताईने त्याचा हात आणखी घट्ट धरला. त्याने मोकळ्या हाताने टेबल चाचपडलं. मग म्हणाला, "पाणी. पाणी."

ती उठली. दोन पेले घासून पुसून काठोकाठ भरले आणि त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. एक त्याने संपवला. दुसऱ्याकडे त्याने पाहिलंही नाही. खुर्चीत मान टाकून त्याला झोप लागली. ताई मध्ये दोनदा येऊन गेली, टेबल आवरलं, कागदांवर पट्टी ठेवली, खिडकीचा पडदा ओढला. तो पेला मात्र तिने संध्याकाळपर्यंत हलवला नाही.